पान तीनशे बारा, डावा समास

मी ही गोष्ट सांगायला लागलो की आमची मंदा कुकर लावायला उठते. थोरली मुलगी विचारते, "बाबा, या वेळी घोडे किती?" पहिल्यांदा सांगितली तेव्हा घोडे पंचवीस होते आणि मागच्या गणपतीत ते साठ झाले, म्हणून हा टोमणा. खरे चाळीस होते. इथे छापून यायचं आहे, तेव्हा चाळीसच लिहितो.

मी शहापूरच्या एका लहान वाचनालयाचा ग्रंथपाल. सत्तावीस वर्षं झाली. ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून फुकट पुस्तकं वाचणारा माणूस, असा समज आहे. मंदाच्या माहेरी तर तो पक्काच आहे. प्रत्यक्षात माझी निम्मी नोकरी पुस्तकांची डागडुजी करण्यात गेली. पाठ सुटलेली पुस्तकं खळीने चिकटवायची, वाळवी लागलेली उन्हात घालायची आणि लोकांनी पानांवर जे काय केलेलं असतं ते निस्तरायचं. आमच्या एक वर्गणीदार बाई शिवणकाम करायच्या. त्या प्रत्येक कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणाच्या तरी ब्लाउजची मापं लिहून पुस्तक परत करायच्या. एक निवृत्त हेडक्लार्क होते. ते लेखकाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून खाली सही ठोकायचे. शाईपुढे इलाज नाही, पण पेन्सिल खोडता येते. त्यासाठी माझ्या खिशात कायम एक खोडरबर असे. नवीन लग्न झालं तेव्हा मंदाने धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून तो काढला आणि विचारलं, "हे काय, शाळेत जाता का अजून?"

भिंतीवर नियमांची पाटी होती. नियम क्रमांक चार असा: 'वाचकांनी पुस्तकाच्या पानांवर कोणत्याही प्रकारे लिहू, रेघा मारू अथवा खुणा करू नयेत.' ती पाटी मीच रंगवून घेतली होती. तरुण होतो, नोकरी नवी होती. शिस्त म्हणजे काय ते साऱ्या तालुक्याला दाखवायचं होतं.

तर कादंबरी. नाव लिहीत नाही. गडाचा वेढा, शूर गडकरी, फितुरी, शेवटी बलिदान अशी पाचशे ऐंशी पानांची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. एके काळी ती घरोघरी होती, पुढे बाजारातून गेली. आमच्याकडे एक प्रत उरली होती. मी ती सात वेळा वाचली होती. हे खरं आहे, घोड्यांसारखं नाही.

केबल घराघरांत पोहोचली त्या सुमारास एका मे महिन्यात वाचनालयासमोर जीप थांबली. जीन्स घातलेली एक मुलगी उतरली. तिचं नाव नंदिनी. तिने त्या कादंबरीची चौकशी केली. मुंबईचे एक मोठे दिग्दर्शक त्या कादंबरीवर मोठा चित्रपट करत होते आणि ही त्यांची सहायक. मुरबाडच्या बाजूला सिद्धगडाच्या पायथ्याशी मुक्काम होता. पटकथा हाती होती; पण मूळ पुस्तकाची युनिटमधली एकुलती एक प्रत नाशिकच्या हॉटेलात राहिली होती.

"काका, आठ दिवस द्या ना."

"दुर्मीळ पुस्तक आहे. बाहेर जात नाही."

"मग?"

मंदा म्हणते, त्या 'मग'पासून माझं डोकं फिरलं. मी चष्मा पुसत म्हणालो, "पुस्तक जायचं असेल तर सोबत ग्रंथपाल जाईल." कार्यकारिणीने पंधरा दिवसांची रजा मंजूर केली. अध्यक्षांना हिरॉइनची सही हवी होती.

पुस्तकाला खाकी कव्हर घालून, ते फडक्यात गुंडाळून मी शूटिंगला गेलो. तिथे पहिल्याच दिवशी एक शोध लागला. दोनशे माणसांच्या त्या युनिटमध्ये अख्खी कादंबरी वाचलेला माणूस मी एकटाच होतो. दिग्दर्शकांनी ती लहानपणी आईच्या तोंडून ऐकली होती. नायकाने आपल्यापुरती पानं वाचली होती. नंदिनी तीनशेव्या पानावर पोहोचली होती, पण तिला बिचारीला रोज पहाटे चारला उठावं लागे.

कादंबरीचा चित्रपट कसा करतात ते तिथे पाहिलं. मी समजत होतो की एकेक प्रकरण घेऊन त्याचं चित्र काढत असतील. तसं नसतं. जुन्या नऊवारीतून परकर-पोलकं बेतावं तसं ते असतं. कापड तेच, पण कात्री कुठे लागेल याचा नेम नाही. गडकऱ्याचे तीन भाऊ होते, त्यांचा एकच झाला. पुस्तकात गडकऱ्याची बायको तुळशीपाशी उभी राहून दोन वाक्यं बोलते. इथे तिला एक गाणं मिळालं आणि तुळस कापली गेली. पुस्तकात गनिमाचे सात स्वार येतात, इथे चाळीस. मी तक्रार केली तर दिग्दर्शक म्हणाले, "काका, पडदा केवढा असतो माहितीय? सात घोडे त्यात हरवतात."

तरी मला मान होता. 'बुककाका' म्हणायचे. "बुककाका, पागोट्याचा रंग?" "बुककाका, गडकरी डावखुरा का?" मी फडकं सोडून पान काढायचो आणि वाचून दाखवायचो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकायला माणसं उभी राहत होती. वाचनालयात तर मी 'शांतता राखा' म्हटलं तरी कुणी राखत नाही.

आता पान तीनशे बारा. या पानावर सगळी कादंबरी फिरते. गडकरी पहाटे बुरुजावर येतो आणि खाली बघतो, तर पायथ्याची शेतं काळी पडलेली. चौकोनच्या चौकोन जळलेले. गनिमाने रयतेच्या पोटावर पाय दिलेला. ती राख बघून गडकरी तलवारीची शपथ घेतो. चित्रपटाचं मध्यंतर याच शपथेवर होतं. त्याआधी चाळीस स्वार त्या जळक्या शेतांतून राख उधळत दौडत जाणार होते. हे पान वाचताना माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं. सातही वेळा.

दिग्दर्शकांना प्रश्न पडला की एवढी शेतं काळी कशी करायची. रंग मारायचा म्हटलं तर दोन दिवस जाणार. आणि घोडे तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच आमचे होते, मग ते दुसऱ्या शूटिंगला जायचे होते. तेव्हा मी, हा मी, पुढे झालो आणि हात करून म्हणालो, "साहेब, ते बघा. पानात लिहिलंय अगदी तसंच."

डोंगराच्या उतारावर खरोखरच काळे चौकोन होते. नीट आखल्यासारखे. दिग्दर्शकांनी मला मिठी मारली. "बुककाका, तुमी तर लोकेशनच वाचून दाखवलंत!" त्या दिवशी मला नायकाच्या शेजारी बसवून जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडे आले. कॅमेरा लागला. आणि सगळ्यात मोठ्या काळ्या चौकोनाच्या कडेला एक म्हातारी येऊन बसली. तिच्याशेजारी काठी टेकून एक म्हातारा. गावाने परवानगी दिली होती ती शेजारच्या पडीक माळाची. आम्ही घोडे घालणार होतो काळ्या चौकोनांवर.

"आजी, बाजूला व्हा," नंदिनी म्हणाली. "घोडे यायचेत."

"तेच बगाया बसली मी. कसं येतात ते."

"तुम्हाला नुकसानभरपाई मिळेल."

"कसली? राब कुठल्या दुकानात मिलतो ते सांग. जाऊन घेऊन येते."

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाताचं रोप वाढवायला जमिनीचा एक तुकडा राखतात. उन्हाळ्यात त्यावर आधी शेण, मग झाडांच्या तोडलेल्या फांद्या, मग गवत आणि पालापाचोळा पसरतात, वरून बारीक माती टाकतात आणि ते सावकाश भाजतात. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. पाऊस येईस्तोवर त्या राखेला कुणी हात लावत नाही. पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतात आणि वीतभर रोप झालं की उपटून शेतात लावतात. राख उधळली, वर घोड्यांच्या टापांनी जमीन चेपली, की राब गेला. राब गेला की रोप नाही आणि रोप नाही की त्या वर्षाचं भात नाही. पाऊस महिन्यावर आलेला. परत भाजायचं तर फांद्या, पाला, शेण, सगळं नव्याने जमवायचं. तेवढं आता कुठून येणार?

हे सगळं मला ठाऊक होतं. शहापुरात जन्म गेला माझा. दर उन्हाळ्यात एस.टी.च्या खिडकीतून हे काळे तुकडे बघत आलो होतो. आणि दर वेळी तीनशे बारावं पान उघडून गनिमाला शिव्या देत आलो होतो. या दोन गोष्टींची डोक्यात कधी गाठ पडली नाही. मंदा म्हणते, पडली असती तर डोकं आहे असं वाटलं असतं.

त्या क्षणीसुद्धा पडली नाही. दिग्दर्शकांनी मला पुढे केलं. "बुककाका, तुमी लोकल आहात. समजवा. संध्याकाळी घोडे गेले की माझं मध्यंतर गेलं."

मी फडकं सोडलं, म्हाताऱ्या-म्हातारीसमोर उकिडवा बसलो आणि समजावणीला म्हणून तीनशे बारावं पान वाचायला लागलो. वाटलं, ऐकून त्यांनाही गहिवरेल. 'गडकऱ्याने पायथ्याकडे पाहिले. काल हिरवाईने नटलेली भूमी आज...'

"आज गनिमाने कोळसा करून टाकली होती," म्हातारा म्हणाला.

मी थांबलो. "तुम्हाला पाठ आहे?"

"समासात बगा. डावीकडं."

"समासात काही नाहीये."

"असंल कसं? तुमीच खोडलं. मी समोर हुबा होतो."

मी वर पाहिलं. आणि ओळख पटली. काथोडदादा! तेव्हा रेल्वेत गँगमन होते, उंबरमाळीच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून वाचनालयात यायचे, एका वेळी एकच पुस्तक न्यायचे, जाड बघून. माझ्या नोकरीचं ते दुसरं-तिसरं वर्ष असेल. त्यांनी ही कादंबरी परत केली, मी पानं चाळली, समासात पेन्सिलीची ओळ दिसली. ओळ वाचलीसुद्धा नाही. मी त्यांना पाटीखाली उभं केलं आणि भरल्या वाचनालयात नियम क्रमांक चार मोठ्याने वाचायला लावला. त्यांनी वाचला, कुठेही न अडखळता. मग मी त्यांच्यादेखत ओळ खोडली आणि फुंकर मारली. त्यानंतर ते परत आले नाहीत. मला वाटलं, बदली झाली असेल.

"तुमीच ना ते खोडरबरवाले?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पान उन्हात तिरकं धरलं. दाबून लिहिणाऱ्याची पेन्सिल कागदात उतरते. शिसं गेलं तरी चर राहतो. घासून तिथला कागद पातळ झाला होता, तरी अक्षर न् अक्षर लागत होतं. नंदिनी माझ्या खांद्यावरून वाकली आणि तिने मोठ्याने वाचलं, "हे जाळलेलं नाय. हा राब आहे. पाऊस पडला की यात भात उगवेल."

एक घोडा तेवढा फुरफुरला.

"म्हणजे?" दिग्दर्शक म्हणाले. "मग गनिमाने काय जाळलं?"

"कायच नाय," काथोडदादा म्हणाले. "लिवणारा उन्हाल्यात गड बगाया आला असंल. वरनं खाली बगितलं, काला दिसला. इचारायचं कुनाला तरी."

"म्हणजे माझा हिरो एका माणसाच्या भाताच्या रोपावर शपथ घेतोय?"

"त्यात काय," म्हातारी, म्हणजे त्यांची बायको हिराबाई, म्हणाली. "रोप कुनाचं जलत असंल तर घेतील की शपथ. आमचा चांगला भाजलाय, त्याला शपथ कशाला?"

दिग्दर्शक डोकं धरून दगडावर बसले. लेखक हयात नव्हते, त्यामुळे ते वाचले. मी हयात होतो. दिग्दर्शकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक छातीशी धरलं.

"मी सात वेळा वाचलंय," मी म्हणालो. का म्हणालो, ते अजून कळलेलं नाही.

"हे बदलता येणार नाय," दिग्दर्शक शेवटी म्हणाले. "लोकांना हा प्रसंग पाठ आहे. शेतं जळलीच पायजेत." मग हिराबाईकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, तुमी सांगा. काय करू? संध्याकाळपर्यंत टाइम आहे."

आयुष्यभर हुकूम देत आलेला माणूस असं विचारतो तेव्हा समोरच्याला रुसून बसता येत नाही. हिराबाईने पदर खोचला आणि शेजारच्या पडीक माळाकडे हात केला. "काला पायजे ना? मंग तो माल पडलाय उघडा. गवत हाय. जाला की. गावानं त्याचाच तर होय दिला व्हता."

मग जे झालं ते मी चारचौघांत रंगवून सांगतो, पण खरं एवढंच. मुंबईहून आणलेल्या गनिमाच्या एका सैनिकाने मशालीने गवत पेटवलं ते वाऱ्याच्या बाजूने. आग सुटली ती सरळ राबांच्या दिशेने. कॅमेरावाले पळाले, मी त्यांच्याआधी पळालो. हिराबाई ओरडली, "अगो पोरीनू, डाहाल्या घ्या!" आणि पाड्यावरच्या बाया हिरव्या फांद्या घेऊन धावल्या. त्यांनी झोडपून झोडपून आग थोपवली ती राबाच्या हातभर अलीकडे. एका चौकोनाच्या कडेची राख थोडी विस्कटली. हिराबाईने ती तळहाताने सारखी केली, लहान पोराच्या कपाळावरचे केस मागे घ्यावेत तशी, आणि सैनिकाला म्हणाली, "मेल्या, वाऱ्याकडं पाठ करून पेटवतात का? वाऱ्याच्या तोंडावर पेटवायची. म्हंजी ती पलत नाय, चालते."

त्यानंतर मुंबईच्या सैनिकांच्या हाती मशाल द्यायची कुणाची हिंमत होईना. जाळायला येत होतं ते या बायांना. वेशभूषावाल्याने बंड्या, पागोटी, कट्यारी त्यांच्या अंगावर चढवल्या. कॅमेरा लांबून होता. बघणाऱ्याला गनिमाची तुकडीच दिसत होती. फक्त हा गनीम फार शिस्तीचा होता. आधी कडेचं गवत साफ करायचा, मग पाला सारखा पसरायचा, मग वाऱ्याचा अंदाज घेऊन हळूच काडी लावायचा आणि डहाळी हातात धरून राखणीला उभा राहायचा.

"आजी, लूट चाललीय!" दिग्दर्शक भोंग्यातून ओरडले. "इतकं नीटनेटकं नको!"

"नीट नाय जालली तर डोंगूर पेटंल, मंग तुमचा गड पन जाईल!"

उन्हं उतरायच्या आत काळ्या माळावरून चाळीस घोडे दौडले. गडकऱ्याने शपथ घेतली. राब जागच्या जागी राहिला. निघताना मी काथोडदादांजवळ गेलो. माफी मागावी असं मनात होतं. तोंडातून निघालं, "सभासदत्व अजून चालू करता येईल."

"बगू," ते म्हणाले.

चित्रपट पुढच्या वर्षी पावसाळ्यात लागला. मुंबईत लोक रडले असं पेपरात आलं. मी, मंदा, काथोडदादा आणि हिराबाई असे चौघं मुरबाडच्या थेटरात गेलो. शेतं जळायला लागली. संगीत असं की दगडाला पाझर फुटावा. आणि पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, "अरे, हे राब भाजतात!" अख्खं थेटर हसायला लागलं. "माती टाक रे वर!" "वारा बग, वारा!" पडद्यावर गडकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि खाली माणसं पोट धरून हसतायत. हिराबाई तेवढी गंभीर होती. पागोटं घातलेल्या एका सैनिकाकडे बोट दाखवून मंदाला म्हणाली, "ती मी. बग, कड कशी राखलीय."

मध्यंतरापर्यंत मीही हसलो, मग हिशोब करायला लागलो. जे त्या थेटरातल्या शेंगदाणेवाल्याला कळत होतं, ते मला एका माणसाने लिहून दिलं होतं आणि मी त्यावर फुंकर मारली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अशा किती ओळी खोडल्या असतील? सगळ्याच काही ब्लाउजच्या मापांच्या नसणार.

त्या आठवड्यात मी कादंबरी फडक्यात बांधून काथोडदादांच्या घरी गेलो. हे पुस्तक बाहेर जात नाही. या वेळी रजा न टाकता नेलं. ओट्यावर बसलो. समोर राबात रोप उभं होतं, डोळ्यांना थंड वाटावं असं हिरवं. मी पेन्सिल पुढे केली. "दादा, तुमची ओळ परत लिहा."

"मी नाय. तुमी खोडलीत, तुमीच लिवा."

"बरं." मी पान उघडलं.

"थांबा. आदी नेम वाचा. चार नंबरचा."

"पाठ आहे मला."

"मलापन हाय. मोट्यानं वाचा."

मी उभा राहिलो. दारात हिराबाई, शेजारच्या ओट्यावर दोन बाया आणि अंगणात एक शेळी. मी नियम क्रमांक चार मोठ्याने म्हटला. 'अथवा'पाशी अडखळलो. काथोडदादांनी पुढचं पुरं केलं. मग मी खाली बसून जुन्या चरावरून पेन्सिल फिरवली. अक्षरं सापडत गेली. 'उगवेल'शी आलो तेव्हा शिसं मोडलं. हिराबाईने विळीवर टोक काढून दिलं.

लिहून झाल्यावर एक अक्षर जरा तिरकं वाटलं. सवयीने हात खिशाकडे गेला. हिराबाईने तळवा पुढे केला.

"तो इकडं द्या."

मी खोडरबर दिला. तिने तो चंचीत, पान-सुपारीशेजारी टाकला आणि चंचीची नाडी ओढली.

तो अजून तिथेच आहे. काथोडदादा महिन्यातून एकदा येतात, एकच पुस्तक नेतात, जाड बघून. परत येतं तेव्हा मी समास आधी बघतो. वाचनालयाच्या वार्षिक मागणीत मी त्यानंतर खोडरबर लिहिलेला नाही. नियमांची पाटी भिंतीवर आहे, पण चार नंबरच्या ओळीवर कॅलेंडर लटकतं. कार्यकारिणीच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. इथे छापून आलं तरी येणार नाही. ते काही वाचत नाहीत, हे मी ग्रंथपाल म्हणून खात्रीने सांगू शकतो.